आधी पाणी, मग कात्री

नव्या साडीला घाईघाईत लावलेला सुती फॉल पहिल्याच धुण्यात आटतो. साडी सिंथेटिक असेल तर ती होती तेवढीच राहते. तीन मीटरच्या फॉलमधले चार टक्के म्हणजे १२ सेंटिमीटर गेले, की ती तूट साडीच्या काठावर बारीक चुण्या होऊन दिसायला लागते. मग कितीही इस्त्री फिरवा, चुण्या हटत नाहीत. लोक साडीला नावं ठेवतात, दुकानदाराला ठेवतात आणि फॉल लावणारीला तर ठेवतातच. फॉल लावायच्या आधी बादलीभर पाण्यातून काढला असता तर हे काहीच झालं नसतं.

मी इचलकरंजीत शिवणक्लास घेते आणि बाहेरची शिलाईही करते. क्लासला येणाऱ्या मुलींची नजर पहिल्या दिवशी मशीनवर असते. मी त्यांना आधी बादली, मग दोरी, मग कपाट दाखवते. "काकू, एवढं भिजवल्यावर कापड नवं कुठं राहतंय?" हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. कापडाला आटायचं असेल, रंग सोडायचा असेल, तिरकं व्हायचं असेल, तर ते सगळं त्याला कात्री लागायच्या आधी करू दे. नंतर केलं तर ते तुझ्या शिवणीवर येईल.

कापड आटतं कशामुळे?

आमच्या गावात हे समजावायला पुस्तक लागत नाही. इथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ त्यांना होतं. आज गल्लोगल्ली मागांचा खडखडाट आहे. त्यामुळे कापड कसं बनतं ते मुलींनी घराशेजारीच पाहिलेलं असतं, फक्त त्याचा शिवणाशी संबंध जोडलेला नसतो.

ताण्याचं सूत मागावर चढण्याआधी सायझिंगला जातं. तिथे त्याला खळ लावतात, कारण माग चालताना प्रत्येक उभा धागा ओढला जातो, घासला जातो, आणि खळीशिवाय तो तुटेल. विणून उतरलेलं कापड म्हणजे ग्रे. ते पुढे प्रोसेसला जातं. खळ काढणं, ब्लीच, रंग, छपाई असं सगळं होताना शेकडो मीटर लांबीचं ओलं कापड यंत्रांमधून पुढे ओढलं जातं. शेवटी स्टेंटरवर त्याचे दोन्ही काठ पकडून, पन्हा ताणून, गरम हवेत वाळवतात. म्हणजे दुकानातल्या ताग्यावर गुंडाळलेलं कापड ताणलेल्या अवस्थेत वाळलेलं असतं.

घरी त्याला पहिल्यांदा मोकळं पाणी मिळतं. कापसाचा तंतू भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगतो. धागा जाड झाला, की आडव्या धाग्याला वळसा घालताना उभ्या धाग्याची जास्त लांबी खर्ची पडते. त्यातच यंत्राने दिलेला ताण सुटतो. कापड आखूड होतं. ताणा जास्त ओढलेला असल्यामुळे बहुधा लांबी जास्त आटते, पन्हा कमी.

साधं पॉपलीन किंवा केंब्रिक तीन ते पाच टक्के आटेल असं धरून चालावं. खादी आणि सैल विणीचं कापड त्याहून जास्त आटतं. रेयॉनचा तर भरवसाच धरू नये. ते आटतंही जास्त आणि ओलं असताना कमजोरही होतं, म्हणून ते पिळायचं नाही. पॉलिएस्टर जवळपास आटत नाही. आता पॉलिएस्टरच्या ब्लाउजपीसला आत न भिजवलेलं सुती अस्तर लावलं तर काय होईल ते सांगायला नको. अस्तर आत ओढून घेतं, वरचं कापड फुगतं आणि महिन्याभरापूर्वी अंगासरशी बसलेला ब्लाउज पाठीवर फुगे धरतो. मापं बरोबर होती, टीप सरळ होती. फक्त दोन कापडं वेगवेगळ्या चालीची होती.

अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट नावाच्या माणसाने १९३०च्या सुमारास यावर यंत्राचा उपाय काढला. कापड बाजारात जाण्याआधीच दाबून त्याची लांबी कमी करायची, म्हणजे पुढच्या धुण्यात ते एक टक्क्याहून जास्त आटू नये. त्याच्याच नावावरून 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का आला. जुन्या लोकांना तो गिरणीच्या कापडाच्या काठावर पाहिल्याचं आठवेल. मीटरवर मिळणाऱ्या साध्या अस्तराकडून, फॉलकडून, परकराच्या पॉपलीनकडून आज ती अपेक्षा ठेवू नये.

अंदाजावर विश्वास नसेल तर एक सोपी चाचणी आहे. कापडावर बॉलपेनने २५ सेंटिमीटरचा चौकोन आखायचा. एक रेघ काठाला समांतर, दुसरी आडवी. भिजवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. एक सेंटिमीटर कमी भरलं तर कापड चार टक्के आटलं. ४२ इंची कुर्त्याच्या उंचीत ते सुमारे पावणेदोन इंच होतात. गुडघ्याखाली आलेला कुर्ता गुडघ्याच्या वर जायला एवढं पुरतं.

पाण्यातून काढायची रीत

कापड पूर्ण उलगडा. घडीत ठेवून भिजवलं तर आतला भाग कोरडा राहतो आणि घडीच्या रेघा तशाच पक्क्या होतात. कापलेल्या दोन्ही कडांना मोठ्या टाक्याची टीप मारा किंवा इंटरलॉक करून घ्या, नाहीतर धागे सुटून त्यांचा गुंता होतो. काठ फार घट्ट विणलेला असेल तर त्याला दर वीतभर अंतरावर बारीक छेद द्या. घट्ट काठ आणि आतलं कापड सारखं आटत नाही, मग बाजू आकसलेली दिसते.

अस्तर, फॉल, पॉपलीन यांना साध्या पाण्यात तीन-चार तास पुरतात. मांजरपाट रात्रभर ठेवावं. त्यातली खळ बहुधा काढलेलीच नसते. सकाळी पाणी गढूळ होतं आणि त्याला आंबूस वास येतो. ते पाणी टाकून पुन्हा भिजवायचं. जे कापड शिवल्यावर गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये धुतलं जाणार आहे, ते आधीही तसंच धुवावं. लहान मुलांचे कपडे, चादरी, उशीचे अभ्रे याच वर्गातले. आधी गार पाण्यातून काढून नंतर गरम पाण्यात धुतलं, तर उरलेलं आटणं नंतर बाहेर येतं.

पिळू नका, दाबून पाणी काढा. सावलीत, दोरीवर सरळ पसरून वाळवा. किंचित दमट असतानाच इस्त्री करा आणि इस्त्री रेटू नका. ठेवा, उचला, पुढे ठेवा. कोपरे जुळत नसतील तर जो कोपरा आखूड पडतोय तो आणि त्याच्या समोरचा, असे दोघींनी धरून तिरकं ओढायचं. आमच्या क्लासमध्ये हे काम जोडीनेच होतं. जुने कापडवाले सुती कापड मोजून झाल्यावर टर्रकन फाडून देत, त्यामागे हाच हिशेब होता. फाडलेलं कापड आडव्या धाग्यावरच फाटतं, म्हणून ती कड सरळ मिळते. कात्रीने कापलेली कड दिसायला सरळ, पण धाग्याला सोडून गेलेली असू शकते.

फॉल आणि अस्तर पुष्कळांना आठवतं. नाडी, सुती लेस, पायपिंगची उरेब पट्टी मात्र विसरली जाते. झबल्याच्या गळ्याला लावलेली सुती लेस आटली की गळा आकसतो आणि बाळाच्या डोक्यातून झबलं जात नाही. ज्या ज्या वस्तूला सूत आहे ती ती वस्तू बादलीत गेली पाहिजे.

रंग सोडणारी मंडळी

लाल, मरून, गडद निळा, जांभळा, काळा या रंगांचं कापड आलं, की मी एक पांढरा मांजरपाटाचा तुकडा पाण्यात बुडवून त्या कापडावर ठेवते आणि वरून गरम इस्त्री दाबते. तुकड्यावर रंग उतरला तर ते कापड वेगळ्या बादलीत जातं. कोमट पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत, पुन्हा पुन्हा.

इथे प्रत्येक घरातून एक सल्ला येतो: मिठाच्या पाण्यात बुडव, रंग पक्का होतो. मीठ रंगाऱ्याच्या कामाचं आहे. सूत रंगवताना रंग पाण्यातून धाग्याकडे जावा म्हणून ते घालतात. तयार कापडावर जो रंग धाग्याशी बांधलाच गेला नाही, त्याला घरातलं मीठ किंवा व्हिनेगर बांधू शकत नाही. तुरटीही वनस्पतिजन्य रंग देतानाच्या टप्प्यावर उपयोगी पडते, नंतर नाही. सुटा रंग काढून टाकणं हाच मार्ग. निळीने रंगवलेल्या कापडाचं थोडं वेगळं आहे. निळीचे कण धाग्याच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे ते नुसत्या घासण्यानेही उतरतात. असं कापड पांढऱ्याशेजारी जोडायचं असेल तर दोनदा विचार करावा.

पाणी सगळ्यांनाच लावायचं नाही. जरीचं, रेशमी, मखमली कापड भिजवू नये. रेशमावर पाण्याचे डाग राहतात, मखमलीची लव बसते. खणाच्या कापडाचं सूत ओळखल्याशिवाय ते बादलीत टाकू नये, कारण खण म्हणून आज जे विकलं जातं ते सगळं एकाच सुताचं नसतं. ओळखायला कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरून मोरीत किंवा पाण्याच्या ताटलीवर जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो. मिश्र सुताच्या धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात.

वाकळ आणि नवी गोधडी

माझ्या सासूबाई वाकळ शिवायच्या. त्यांनी कधी कापड मुद्दाम पाण्यातून काढलं नाही, आणि त्यांची एकही वाकळ आटून वाकडी झाली नाही. कारण आत लुगडी, बाहेर लुगडी, मध्ये जुनं धोतर. प्रत्येक थर नदीवर धुऊन धुऊन मऊ झालेला. त्या कापडांत आटायचं काही उरलेलंच नव्हतं, सोडायला रंगही नव्हता. वर कडेपासून आत येणारा धावदोरा घातला की झालं.

आता मुली दुकानातून नवी छापील कापडं आणतात, चौकोन कापून जोडतात आणि आत आईची जुनी साडी घालतात. पहिल्या धुण्यात वरचा थर आटतो, आतला आटत नाही, आणि टाक्यांच्या मधल्या जागी आतला थर गोळा होतो. इथे चूक नव्या कापडाचीही नाही आणि जुन्याचीही नाही. दोघांना न विचारता एकत्र बांधल्याचा तो परिणाम आहे.

अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांमध्ये या प्रश्नावर दोन तट आहेत. एक तट सगळं धुऊनच कापतो. दुसरा काहीच धुवत नाही. कोरं कापड कडक असतं, नेमकं कापता येतं, आणि शिवून झाल्यावर सुती भरणासकट सगळं एकदम आटलं की गोधडीवर सुरकुत्या येऊन ती जुनी, वापरलेली दिसते. त्यांना तेच हवं असतं. दोन्ही बाजूंना माझी हरकत नाही, फक्त रंग तपासलेला हवा. एका गोधडीत एकतर सगळं धुतलेलं असावं किंवा सगळं कोरं. सरमिसळ केली की बिघडलं. आणि सरमिसळ टाळायची तर कपाटातलं कुठलं कापड धुतलेलं आहे हे बघताक्षणी कळलं पाहिजे. म्हणून कपाट लावण्याची सुरुवात इथून करायची.

कपाटाचे तीन प्रश्न

बहुतेक जणी कापडं रंगावर लावतात. ते दिसतं छान. मी रंगाला शेवटचं स्थान देते. कापडाला विचारायचा पहिला प्रश्न: धुतलंय का? घरात येणारं कापड मी शक्यतो त्याच आठवड्यात पाण्यातून काढते आणि धुतलेल्याच्या एका कोपऱ्याला तिरका छेद देते. कोपरा छाटलेला दिसला की ते कात्रीला तयार. ओटीत आलेले ब्लाउजपीस मात्र दोन ठिकाणी जातात. पुढे कुणाच्या ओटीत द्यायचे ते कोरेच, वेगळ्या पिशवीत. शिवायचे किंवा गोधडीत घालायचे ते बादलीत.

दुसरा प्रश्न: सूत कोणतं? सुती, रेशमी, सिंथेटिक यांच्या फळ्या वेगळ्या. यामागे इस्त्रीचं कारण आहे. सुती कापडाला लागणाऱ्या गरम इस्त्रीखाली सिंथेटिकचा तुकडा आला तर तो चिकटतो, आणि गोधडीच्या मधोमध आला तर सगळं जोडकाम बिघडतं.

तिसरा प्रश्न: पन्हा किती? ३६ इंची, ४४ इंची, ५८ इंची यांच्या घड्या एकत्र ठेवल्या तर 'दोन मीटर आहे' या वाक्याला काही अर्थ राहत नाही. मोठ्या पन्ह्याच्या दोन मीटरमध्ये बसणारं काम लहान पन्ह्याच्या दोन मीटरमध्ये बसत नाही. प्रत्येक घडीवर एक चिठ्ठी असते: सूत, पन्हा, धुतल्यानंतर मोजलेली लांबी. बिलावरची लांबी लिहायची नाही, ती आता उरलेली नाही. चिठ्ठी टाचणीने लावायची नाही. पावसाळ्यात टाचणी गंजते आणि गंजाचा डाग सुती कापडावरून सहज जात नाही. कच्चा टाका घालावा. रबरबँडही नको, ते वितळून चिकटतं.

घड्या एकाच रुंदीच्या याव्यात म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा मापाला ठेवा. घड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवल्या तर मधलं कापड काढताना बाकीची चळत कोसळत नाही. जरीच्या आणि रेशमी कापडाची घडी दर काही महिन्यांनी मोडून वेगळ्या रेघेवर घाला. एकाच ठिकाणी दुमडून राहिलेलं रेशीम तिथेच विरतं. मखमल घडी न घालता गुंडाळून ठेवावी. ऊन येणाऱ्या खिडकीसमोर उघडी फळी असेल तर पडदा लावा, नाहीतर घडीची बाहेरची कड विटते आणि उलगडल्यावर कापडावर पट्टे दिसतात.

कत्रणांचा प्रश्न कापड धुऊन ठेवल्याने निम्मा सुटतो, कारण धुतलेल्या कापडाचं कत्रणही धुतलेलंच असतं. बारीक तुकडे नंतर भिजवायला गेलं की धागे सुटून त्यांचे झिपरे होतात. तुकडे कसे लावायचे हे तुम्ही काय शिवणार यावर अवलंबून आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंडी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून आत शिवत नेतात आणि हाताला येईल तो तुकडा त्या जागेला बसवतात. त्यांना मापाने वर्गवारी करायची गरजच नाही. चौकोन जोडायचे असतील तर मात्र तळहाताएवढे तुकडे, लांब पट्ट्या आणि उरेब कापातले तुकडे यांच्या पिशव्या वेगळ्या हव्यात. तीन बोटांहून लहान ते उशीत भरायला.

दमट हवा, कसर आणि डांबरगोळ्या

इस्त्री केलेलं कापड गरम असताना कपाटात ठेवू नका. त्यातला दमटपणा बंद कपाटात राहतो. प्लास्टिकच्या पिशवीतही तेच होतं. जुन्या मलमलीत किंवा धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे असू द्या. फळीवर वर्तमानपत्र घालायचं नाही, कागद पिवळा पडतो आणि त्याची शाईही लागते. २०१९च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरांत आलं, त्यांना खालच्या फळीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. ती पावसाळ्यात रिकामी बरी.

आपण ज्याला सरसकट कसर म्हणतो त्यात निदान दोन किडे आहेत. एक चंदेरी, सरपटणारा. त्याला खळ आणि कागद आवडतो. दुसरा पतंगाची अळी. ती लोकर आणि रेशीम खाते, स्वच्छ सुती कापडात तिला रस नसतो. म्हणून सुती कापड खळ घालून साठवायचं नाही. खळ घालायचीच तर वापरायच्या वेळी. लोकरीचं आणि रेशमी कापड घामाचे, अन्नाचे डाग काढूनच ठेवायचं.

डांबरगोळ्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. बाळंतविड्याची दुपटी, झबली, टोपडी त्यांच्या शेजारी ठेवू नका. त्यातल्या नॅप्थलीनची वाफ कापडात मुरते. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या एका द्रव्याची कमतरता असते आणि ते वरून कळत नाही. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, जोराची कावीळ होते. वेखंडाचा तुकडा किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. त्याने किडे मरतील असं नाही, दूर राहायला थोडी मदत होते. खरं काम कोरडी, स्वच्छ आणि अधूनमधून उलगडलेली घडीच करते.

हे सगळं वेळ खातं. म्हणून माझ्या दरपत्रकात ब्लाउज, कुर्ता, परकर यांच्या शिलाईखाली 'पाण्यातून काढणे' अशी वेगळी ओळ आहे. घरून अस्तर भिजवून, वाळवून आणणाऱ्याला ती लागू नाही. काही गिऱ्हाइकं त्या ओळीवरच घासाघीस करतात: "ताई, एवढं पाण्याचे कसले पैसे?" मी दर थोडा इकडेतिकडे करते, ओळ खोडत नाही. खोडली तर ते पैसे महिन्याभरात कापड वसूल करतं, आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.